विमानविद्या, अकरावीचं गणित आणि आपल्या मुली

(पेडगाव, ता. जि. परभणी इथे बचत गटांतल्या बायका, किशोरी गटातल्या मुली आणि कार्यकर्त्या यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. थोडं संपादन करून देत आहोत. – संपादक मंडळ)



‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणीतलं पेडगाव आपलं नव्हे. ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. पण म्हणीचा अर्थ आपल्याला नीट लागू पडतो. कळत असून न कळल्यासारखं करायचं आणि आपलं तेच खरं करायचं. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की घर, गाव, शाळा सगळेच असं वेड पांघरतात. ‘तिला गणित झेपत नव्हतं.’ ‘तिलाच पुढे शिकायचं नव्हतं.’ ‘स्थळ चांगलं आलं, मग काय करणार?’ आज या पांघरुणाखाली काय आहे ते बघायचं आहे, आणि तेही जरा वेगळ्या वाटेनं.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्यानंतर किशोरी गटाच्या बैठकीत मुलींनी विचारलं, ‘ताई, हे यान बनवणाऱ्या बायका काय शिकल्या असतील? कुठल्या कॉलेजात? आपल्याला जमेल का?’ मी समाजकार्य शिकलेली बाई, इंजिनिअर नाही. पण शिलाईचा वर्ग, अंगणवाडी, नर्सिंग आणि डी.एड. याच्या पुढे आपण मुलींना काही सांगतच नाही, ही गोष्ट मला खटकली. म्हणून माहिती गोळा केली. ती आज तुमच्यापुढे ठेवते. मुलींनी ऐकावी, पण त्याहून जास्त आयांनी ऐकावी.

हे शिक्षण म्हणजे काय?

याला एरोस्पेस इंजिनिअरिंग म्हणतात. आपण विमानविद्या म्हणू. बारावी शास्त्र शाखेनंतरचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. हवेत उडणारी विमानं, हेलिकॉप्टरं, ड्रोन आणि हवेच्या पलीकडे जाणारी रॉकेटं, उपग्रह यांची आखणी कशी करायची, ती बांधायची कशी, तपासायची कशी, हे त्यात शिकवतात.

ऐकायला अवघड वाटतं. पण खळ्यावर उपणणी केलेल्या बाईला त्यातलं पहिलं सूत्र माहीत असतं. वारा बेताचा असला की तुम्ही सुपातून धान्य सोडता. दाणा पायाशी पडतो, भूस लांब उडतं. वारा एकच, मग दोन वस्तू वेगळ्या का वागतात? एकीचं वजन, दुसरीचा आकार आणि हवेचा विरोध. त्या विरोधाचं आणि हवेच्या उचलीचं गणित मांडणं हा या शिक्षणाचा पहिला भाग. फुगा तोंड न बांधता सोडला की हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. रॉकेट त्याच नियमानं चालतं. इंधन कसं जाळायचं, तो जोर कसा आवरायचा, हा दुसरा भाग. बांबू पोकळ असतो, हलका असतो, वाकतो पण सहज मोडत नाही. विमानालाही असंच हलकं आणि मजबूत अंग लागतं, हा तिसरा. आणि डोक्यावर दोन घागरी घेऊन चालताना तुमची मान आणि कंबर क्षणाक्षणाला तोल सावरत असते. विमानाचा तोल यंत्रांनी तसाच सावरायचा, हा चौथा भाग.

मी असं म्हणत नाही की उपणणी केली म्हणजे इंजिनिअर झालं. त्यासाठी गणित आणि पदार्थविज्ञान चार वर्षं घासावं लागतं. पण हे ज्ञान बायकांच्या डोक्याला परकं आहे, हा जो समज पसरवलाय तो खोटा आहे.

तीन वेगळ्या गोष्टी

गावाकडे तीन गोष्टींची गल्लत होते आणि त्यात लोक फसतात, म्हणून स्पष्ट सांगते.

पहिली, विमान चालवणं. तो पायलटचा परवाना, वेगळं शिक्षण आणि फार मोठा खर्च. मराठी बाईनं तिथंही वाट पाडली आहे. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं कोलकाता ते सिलचर हे विमान नेलं, तेव्हा त्यातले सगळे कर्मचारी स्त्रिया होत्या.

दुसरी, विमानाची देखभाल-दुरुस्ती. त्याला एएमई म्हणतात. ही पदवी नव्हे, परवाना आहे. केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, परीक्षा घेऊन तो देतं. काम चांगलं आहे, पण संस्था मान्यताप्राप्त हवी. ‘विमान इंजिनिअर व्हा, नोकरीची हमी’ अशा पाट्या लावून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. डीजीसीएच्या यादीत संस्थेचं नाव पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

तिसरी, विमानाची आणि यानाची आखणी. ती एरोस्पेसची पदवी.

साडीतल्या बायकांचा फोटो

२४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. त्या दिवशीचा इस्रोतल्या बायकांचा एक फोटो जगभर गाजला. रेशमी साड्या, केसात गजरे, एकमेकींना मिठ्या. नंतर खुलासा आला की त्या फोटोतल्या बायका प्रशासकीय कामातल्या होत्या. मोहिमेवर काम करणाऱ्या स्त्री-वैज्ञानिक होत्या, पण त्या वेगळ्या. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. कचेरीतल्या बायकांचा आनंद खोटा नव्हता, यान त्यांच्याही कष्टावर उडतं. पण ज्यांनी गणितं मांडली त्यांची नावं आपल्याला माहीत हवीत.

रितू करिधाल लखनौच्या. भौतिकशास्त्र शिकल्या, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एरोस्पेसचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. मंगळयानात होत्या आणि २०१९ च्या चांद्रयान-२ च्या मोहीम संचालक होत्या. त्याच चांद्रयानाच्या प्रकल्प संचालक एम. वनिता, शिक्षणानं इलेक्ट्रॉनिक्सच्या. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी. त्या तमिळनाडूतल्या सेनगोट्टै या छोट्या गावातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, सरकारी शाळेत शिकलेल्या. त्यांचंही शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. कल्पना चावला हरियाणातल्या कर्नालची. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून १९८२ मध्ये तिनं विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली. मुलींनी या शाखेत यायचंच नाही असा तो काळ.

यातून एक धडा घ्या. या क्षेत्रात पोचायला एरोस्पेस हीच एक वाट नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर या वाटांनीही पोचता येतं. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ ला इस्रोनं तो अवकाशात सोडला. तो बनवणारे नेहमीच्याच शाखांतले विद्यार्थी होते.

कुठे शिकायचं, पैशांचं काय?

आपल्या राज्यात सगळ्यात नावाजलेला एरोस्पेस विभाग मुंबईच्या आयआयटीचा. तिथे जेईई मेन आणि मग जेईई ॲडव्हान्स्ड या परीक्षांतून प्रवेश मिळतो. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, ॲडव्हान्स्ड मात्र हिंदी किंवा इंग्रजीतच. मराठी माध्यमाच्या मुलीला हा अडथळा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, आयआयटीत मुलींची संख्या फारच कमी म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या आणि २०२० पर्यंत मुलींचं प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचं ठरलं. ‘मुलांच्या जागा गेल्या’ अशी तेव्हा ओरड झाली. या जागा वाढवून दिलेल्या आहेत, कुणाच्या काढून घेतलेल्या नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना आणि अगदी गरीब घरातल्यांना आयआयटीत शिकवणी शुल्क माफ असतं.

तिरुवनंतपुरमला अवकाश खात्याची स्वतःची संस्था आहे, आयआयएसटी. २००७ मध्ये सुरू झाली. तिथंही जेईई ॲडव्हान्स्डमधूनच प्रवेश.

यानंतर खाजगी विद्यापीठं. पुण्याजवळ लोणी काळभोरला आहे, आणखीही आहेत. आणि इथेच एक मेख आहे, ती नीट ऐका. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. निर्णय चांगला आहे. पण खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. म्हणजे राज्यात एरोस्पेस जिथे सहज मिळतं, तिथे बहुधा ही माफी चालत नाही. ‘मुलींना सगळं फुकट’ असं ऐकून बाप पोरीला घेऊन जातो आणि लाखांचा आकडा ऐकून परत येतो. मग गावात म्हणतात, ‘शिक्षण आपल्यासाठी नाही.’

म्हणून माझं सांगणं असं. आयआयटी किंवा आयआयएसटी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर कर्ज काढून खाजगी एरोस्पेसच्या मागे धावू नका. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात मेकॅनिकल वा इलेक्ट्रॉनिक्स करा. आपल्याजवळ नांदेडला गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय अभियांत्रिकी आहे. नंतर गेट परीक्षा देऊन एरोस्पेसचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हातात लवकर काहीतरी येतं, घरही लवकर तयार होतं. लातूरला तर मुलींचं शासकीय निवासी तंत्रनिकेतन आहे.

आणखी एक वाट नवीन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून खडकवासल्याची एनडीए मुलींना खुली झाली. शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चानं. २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. हवाई दलासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतंच.

नोकऱ्या किती आणि कशा?

मी गुलाबी चित्र रंगवणार नाही. एरोस्पेसची पदवी घेतली की इस्रो बोलावून नेतं, असं नाही. इस्रोची नेहमीची अभियंता भरती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरची असते. मोठी प्रवासी विमानं आपल्या देशात बनत नाहीत. एरोस्पेस शिकलेली बरीच मुलं शेवटी संगणकाच्या कंपन्यांत जातात.

तरी कामं आहेत आणि वाढतायत. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ पासून आहे. सुखोई तिथे बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बनलेलं पहिलं तेजस उडालं. अशा कारखान्यात पदवीवाल्यांबरोबर आयटीआय आणि पदविकावाल्यांनाही जागा असते, हे लक्षात ठेवा. नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचं मोठं केंद्र आहे आणि विमानाचे सुटे भाग बनतात. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांचे भाग तयार होतात. २०२० मध्ये अवकाशाचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीनं १८ नोव्हेंबर २०२२ ला स्वतःचं रॉकेट उडवलं. हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळचं, आपल्या आजोबांच्या काळातली ती राजधानीच.

आणि एक काम तर शेतात येऊन उभं राहिलंय. ड्रोन. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आणली, १५ हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे म्हणून. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठातही शेतीतल्या ड्रोनवर काम झालंय. दहावी झालेली, अठरा वर्षं पूर्ण असलेली बाई प्रशिक्षण घेऊन ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र मिळवू शकते. चांगलंच आहे. पण मला विचारायचंय, बाईच्या हातात फक्त रिमोटच का? तो ड्रोन आखणार कोण, बिघडल्यावर उघडणार कोण, विकून नफा कमावणार कोण? शिलाई मशीन चालवायला बाई आणि दुरुस्त करायला बाप्या, ही जुनी श्रमविभागणी आपण आभाळातही नेणार का?

कुणी म्हणेल, कायदा तर बरोबरीचा आहे. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र धाडलं आणि ती नोकरी मिळवली. आज असं कुणी छापत नाही. पण ‘रात्रपाळी जमेल का’, ‘लग्न कधी करणार’ हे प्रश्न मुलींनाच विचारले जातात. म्हणून कॉलेजात आणि कंपनीत २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, हे पाहणं आपलं काम आहे.

आणखी एक प्रश्न आपल्या चळवळीत येणारच. हे ज्ञान लढाऊ विमानं आणि क्षेपणास्त्रंही बनवतं. अग्नी-४ च्या प्रकल्प संचालक टेसी थॉमस यांनी क्षेपणास्त्रांचं शिक्षण पुण्यातच घेतलं. आपण युद्धाविरुद्ध घोषणा देणाऱ्या बायका, मग मुलींना तिकडे पाठवायचं का? मला वाटतं, हा वाद मोकळेपणी घालावा. पाऊस कधी येणार, वादळ कुठे धडकणार हे सांगणारे उपग्रहही याच ज्ञानातून आले, आणि मराठवाड्याला पावसाच्या बातमीची किंमत कुणी सांगायला नको. कशासाठी काम करायचं हे मुलीनं ठरवावं. पण ज्या खोलीत हे निर्णय होतात त्या खोलीच्या बाहेरच राहिलो, तर आपला विरोधही बाहेरच राहतो.

खरी अडचण जमिनीवर

आता पांघरूण काढू या. मुलीला विमानविद्येपासून अडवतं ते आभाळ नव्हे. दोन जागी ती अडते.

पहिली जागा, अकरावी. दहावीला चांगले गुण पडले की मुलाला लातूरला नाही तर नांदेडला क्लासला पाठवतात, खोली करून देतात. मुलीला म्हणतात, जवळच कला शाखेला जा, नाहीतर बाहेरून परीक्षा दे. शास्त्र घेतलंच तर गणित सोडून जीवशास्त्र घे. खेड्यातल्या मुलीला अकरावी शास्त्रासाठी बहुधा तालुक्याला जावं लागतं. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. पण गाडी वेळेवर येत नाही, संध्याकाळची चुकते, आणि दोन दिवस उशीर झाला की शाळा बंद. ज्या दिवशी गणित सुटतं त्या दिवशी इंजिनिअरिंगची सगळी दारं बंद होतात. आणि त्या वेळी मुलगी असते जेमतेम सोळा वर्षांची. तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

दुसरी जागा, लग्न. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्याचा आकडा आहे ४८ टक्के. वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमध्ये अठ्ठेचाळीसजणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा साधारण २२, आपला त्याच्या दुपटीहून जास्त. जेईईची परीक्षा बारावीत, सतरा-अठराव्या वर्षी येते. त्या वयात निम्म्या मुलींच्या हातात मेंदी आणि पाळणा. इस्रोचं दार किती उघडं आहे, याची चर्चा त्यांच्यासाठी होतच नाही.

आया माझ्याशी भांडतात. ‘ताई, जास्त शिकवलं तर जास्त शिकलेला नवरा शोधावा लागतो, हुंडा वाढतो. ऊस तोडायला गेलो तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची?’ या भीतीला मी हसणार नाही. ती खरी आहे. पण तिचा उपाय मुलीचं लग्न नाही. तिचा उपाय वसतिगृह, वेळेवरची गाडी आणि गावातल्या पोरांना वळण हा आहे. सतराव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी सुरक्षित नसते, हे आपल्या समुपदेशन केंद्रात बसलेली प्रत्येक कार्यकर्ती सांगेल.

गटांनी काय करायचं?

एक, प्रत्येक गटानं गावातल्या आठवी ते दहावीच्या मुलींची यादी करावी. कुणाला गणित आवडतं, कुणाला अवघड जातं, ते लिहावं. गावातल्या एखाद्या शिक्षिकेला, शिकलेल्या सुनेला धरून आठवड्यातून दोन दिवस गणिताचा वर्ग सुरू करावा. समाजमंदिर आहे, वीज आहे, आणखी काय लागतं?

दोन, दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात दोघीतिघींनी घरोघर जावं. जिला झेपेल तिनं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं, म्हणजे एकही दार बंद होत नाही.

तीन, कागद. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर. प्रवेशाच्या वेळी धावाधाव केली तर तहसीलमध्ये महिने जातात आणि सवलत हातची जाते. अकरावीतच सगळं काढून ठेवा. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींना स्वाधार योजना आहे, शेतकरी-मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. त्याचे अर्ज गटानं मिळून भरावेत.

चार, एस.टी.च्या वेळेसाठी आगारात निवेदन द्यायला मुली नव्हे, आयांनी जावं. पन्नास बाया गेल्या की गाडी वेळेवर येते.

पाच, अठराच्या आत लग्न ठरतंय असं कळलं की १०९८ वर फोन. हे कठीण आहे, भाऊबंदकीत वाईटपणा येतो. म्हणून एकटीनं नको, गटानं करायचं.

मुलींनो, तुमच्यातली प्रत्येकजण विमान बनवेल असं मी म्हणत नाही. कुणी शिक्षिका होईल, कुणी शेती करेल, कुणी नर्स होईल. पण ते तुम्ही निवडलेलं असावं, दुसरं काही ठाऊकच नव्हतं म्हणून पदरात पडलेलं नसावं. आणि मावश्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. येत्या जूनमध्ये पोरगी ‘मला गणित घ्यायचंय’ म्हणाली, तर तिला ‘कशाला?’ असं विचारू नका. ‘फॉर्म कुठे भरायचा?’ असं विचारा.